जुना दणकट पॉवर अ‍ॅम्प घेताय? आधी झाकण उघडून बघा

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे ६० वॉटचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच पेटीत) आहे, मागे प्री-आउट म्हणजे नुसत्या प्रीअ‍ॅम्पचा सिग्नल बाहेर काढायची जागा आहे. स्पीकर फ्लोअरस्टँडिंग, ४ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी. ओळखीतल्या एकांकडे साधारण पंचवीस वर्षं जुना, नावाजलेल्या कंपनीचा २०० वॉटचा स्टिरिओ पॉवर अ‍ॅम्प विकायला आहे, वजन चाळीस किलोच्या आसपास. तो घेऊन माझा इंटिग्रेटेड नुसता प्रीअ‍ॅम्प म्हणून वापरला तर फरक पडेल का? आणि एवढा जुना घेताना काय काय बघायचं?

उत्तर : नमस्कार. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, तुम्हाला जास्त पॉवरची गरज आहे का, आणि हाच अ‍ॅम्प घ्यावा का. बहुतेक जण पहिला सोडून थेट दुसऱ्यावर उडी मारतात म्हणून आधी पहिलाच घेतो.

६० वरून २०० वॉट ऐकायला प्रचंड वाटतं पण डीबीमध्ये ते जेमतेम ५ होतात. पॉवर दुप्पट केली की ३ डीबी वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी म्हणजे दहापट पॉवर लागते. तेव्हा "घर हादरेल" या अपेक्षेने घेऊ नका. आणखी एक, तुमचे ८६ डीबी (म्हणजे एक मीटरवर मिळणारा आवाज) बहुतेक २.८३ व्होल्टला मोजलेले असणार, ८ ओहमला तो १ वॉट होतो पण ४ ओहमला २ वॉट होतात, म्हणजे खरं तर तुमचा स्पीकर वॉटमागे ८३ डीबीचाच आहे, बऱ्यापैकी खादाड. तीन मीटरवर बसून दोन्ही स्पीकर आणि खोलीचा हातभार धरला तर ६० वॉटचा अ‍ॅम्प तुम्हाला साधारण ९८ ते १०० डीबीपर्यंतचे पीक (क्षणभराचे सर्वांत मोठे आवाज) देईल आणि २०० वॉटचा १०३ ते १०५ पर्यंत. संगीतातले पीक सरासरीपेक्षा १५-२० डीबी वर सहज जातात, म्हणजे तुम्ही सरासरी ७५ ला ऐकत असाल तर आत्ताचा अ‍ॅम्प आरामात आहे, आणि ८५ ला ऐकत असाल तर तो तबल्याच्या प्रत्येक थापेला छताला टेकतोय.

हे अंदाजावर सोडू नका, घरीच मोजता येतं. शंभर-एकशेवीस हर्ट्झचा, उणे १२ डीबी लेव्हलचा (पूर्ण लेव्हलच्या पाव व्होल्टेजचा) टेस्ट टोन मिळवून ठेवा. तुमचं आवडतं मोठ्या रेंजचं रेकॉर्डिंग तुम्ही कधीही ऐकाल तेवढ्या मोठ्या आवाजात लावा आणि व्हॉल्युमचा नॉब तिथेच राहू द्या, बेस-ट्रेबल सपाट. मग अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायर काढा, परत चालू करा, तो टोन लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर वाचा. आलेल्या आकड्याला चारने गुणा, तेवढे व्होल्ट तुमचा अ‍ॅम्प पूर्ण लेव्हलच्या सिग्नलला देऊ पाहतोय. समजा मीटरवर २.५ आले तर १० व्होल्ट, ४ ओहमला २५ वॉट, तुम्हाला नव्या अ‍ॅम्पची वॉटसाठी काही गरज नाही. साडेपाचच्या पुढे आले तर २२ व्होल्ट, आणि ८ ओहमला ६० वॉट म्हणजे तेवढेच व्होल्ट, तेव्हा तुमच्या ६० वॉटच्या अ‍ॅम्पची हद्द तिथेच संपते. (व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर हे अजिबात करू नका, स्पीकर काढून चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.)

वॉटखेरीज एक खरं कारण उरतं ते म्हणजे करंट. ४ ओहम लिहिलेले स्पीकर काही फ्रिक्वेन्सीला ३ ओहमपर्यंत उतरतात, तिथे लहान पॉवर सप्लायचा अ‍ॅम्प गुदमरतो. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये ८ ओहमचा आकडा आणि ४ ओहमचा आकडा शेजारी ठेवून बघा, २०० चे ४ ओहमला ३८०-४०० होत असतील तर सप्लाय दमदार आहे, २०० चे २५० च होत असतील तर चाळीस किलोतलं बरंच वजन नुसत्या पत्र्याचं आहे असं समजा.

आणि नावाच्या आवाजाबद्दल बोलायचं तर १९८५ साली अमेरिकन अ‍ॅम्प डिझायनर बॉब कार्व्हर यांनी स्टिरिओफाइल मासिकाच्या समीक्षकांपुढे आपल्या साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये बदल करत करत तो त्यांनी निवडलेल्या महागड्या अ‍ॅम्पशी जुळवून दाखवला होता, दोन्हींच्या आउटपुटमधला फरक मोजून तो शून्याकडे नेत नेत. शेवटी ऐकणाऱ्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. माझं ठाम मत आहे की वापरलेला अ‍ॅम्प घेताना नावाला थोडे गुण द्यावेत आणि तब्येतीला बाकीचे सगळे.

आता तब्येत कशी बघायची. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की अ‍ॅम्प थंड ठेवा, मी आल्यावर चालू करू. आधीच तापवून ठेवलेल्या अ‍ॅम्पचे बरेच दोष झाकले जातात. जाताना मल्टिमीटर, टॉर्च आणि असेल तर तुमच्याकडचे जुने, गेले तरी चालतील असे स्पीकर न्या.

प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला वेळ देऊन झाकण उघडायला सांगा. प्लग काढल्यावरही मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, तेव्हा आत बोट घालायचं नाही, नुसतं बघायचं. कपॅसिटरचं डोकं सपाट हवं, फुगीर असेल किंवा बुडाशी ओलसर डाग असेल तर तो गेला. पण एक गंमत अशी की जुन्या अ‍ॅम्पमध्ये, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या, कपॅसिटर हलू नयेत म्हणून लावलेला पिवळट गोंद असतो, तो वर्षानुवर्षं तापून तपकिरी होतो, करंट वाहून न्यायला लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो, आणि नवखे लोक त्यालाच कपॅसिटरची गळती समजतात. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, गोंद खरवडून साफ होतो. मग आउटपुट ट्रान्झिस्टरची रांग बघा. दोन्ही चॅनलचे ट्रान्झिस्टर एकाच कंपनीचे, छपाई सारखी, स्क्रू सारखे असतील तर छान. एका बाजूचे दोनच वेगळे दिसत असतील तर तो चॅनल एकदा उडालेला आहे आणि कोणीतरी सापडले ते बसवलेत. टूएससी ५२०० आणि टूएसए १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोडीच्या नकली मालाचा बाजारात सुळसुळाट आहे, वरून हुबेहूब दिसतात आणि जोर पडला की जातात, म्हणून दुरुस्ती कोणी केली, भाग कुठून आणले हे सरळ विचारा, न लाजता.

झाकण लावून, स्पीकर न जोडता चालू करा. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर, एक पिन लाल टर्मिनलला, एक काळ्याला. काही वाजत नसताना इथे डीसी जवळपास शून्य हवा, जास्त डीसी स्पीकर जाळू शकतो. पाच मिनिटांनी वाचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत वाचा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालवून घेता येतं, १०० च्या वर असेल तर स्पीकर जोडू नका. माझ्या मते आकड्यापेक्षा तो स्थिर आहे का हे जास्त महत्त्वाचं, २५ वर बसून राहिलेला अ‍ॅम्प ५ वरून ४० आणि परत १० असं भटकणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. तेवढ्या वेळात दोन्ही हीटसिंकवर तळहात ठेवा, दोन्ही सारखेच कोमट लागले पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल तर बायस (ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा थोडासा करंट) बिघडलाय. (क्लास ए म्हणजे ट्रान्झिस्टर सतत पूर्ण चालू ठेवणारा अ‍ॅम्प असेल तर दोन्ही चांगलेच तापणार, तो त्याचा स्वभावच आहे, आणि काही न वाजवताही भरपूर वीज खाणार हेही लक्षात ठेवा.)

मग स्पीकर जोडून अगदी हळू आवाजात ऐका. एक चॅनल मध्येच दबला किंवा खरखरला आणि आवाज वाढवल्यावर नीट झाला तर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत. हा दोष घाबरण्यासारखा नाही, रिले बदलता येतो, पण भाव करताना नक्की काढा.

पंचवीस वर्षांच्या अ‍ॅम्पचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आज ना उद्या बदलावे लागणारच हे धरून चाला. त्यांचं आयुष्य तापमानावर असतं, १० अंशांनी कमी तापले तर साधारण दुप्पट टिकतात, म्हणून बंद कपाटात कोंबून वापरलेला अ‍ॅम्प आणि मोकळ्या रॅकवर वापरलेला अ‍ॅम्प यांचं वय कागदावर सारखं असलं तरी प्रत्यक्षात नसतं. कंपनी अजून सर्व्हिस देते का, सर्किट डायग्राम मिळतो का हे घेण्याआधी शोधा. ब्रायस्टनसारखी कंपनी अ‍ॅनालॉग अ‍ॅम्पवर २० वर्षांची वॉरंटी देते, क्वाड कंपनीचा १९७५ चा ४०५ हा पॉवर अ‍ॅम्प आजही दुरुस्त होतो कारण त्याची माहिती आणि भाग दोन्ही मिळतात. उलट ज्याचा डायग्राम कोणाकडेच नाही असा अ‍ॅम्प कितीही देखणा असला तरी मी सोडून देईन.

जोडणीचं म्हणाल तर प्री-आउटमधून आरसीए केबलने पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला, एवढंच. फक्त गेन म्हणजे अ‍ॅम्प सिग्नल किती पट वाढवतो ते बघा. बरेच पॉवर अ‍ॅम्प २६ ते २९ डीबी गेनचे असतात, त्यांना पूर्ण पॉवरसाठी दीड-दोन व्होल्ट लागतात आणि ते बहुतेक प्री-आउट देतात. पण जुन्यांत याला अपवाद आहेत, वर म्हटलेला क्वाड ४०५ मूळ रूपात अर्ध्या व्होल्टलाच पूर्ण पॉवर देतो, मग व्हॉल्युम नॉब थोडासा फिरवला की आवाज फार होतो आणि बारीक अ‍ॅडजस्टमेंट जमत नाही. पॉवर अ‍ॅम्प नेहमी सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद करायचा, नाहीतर प्रीअ‍ॅम्पचा धप्प आवाज थेट स्पीकरवर जातो.

मोजमापात तुमचे व्होल्ट हद्दीजवळ आले आणि अ‍ॅम्प वरच्या तपासणीतून पास झाला तर घ्या, बिनधास्त घ्या. व्होल्ट निम्म्यावरही आले नाहीत आणि स्पेसिफिकेशनप्रमाणे तुमचा आत्ताचा अ‍ॅम्प ४ ओहम झेपवत असेल तर तेच पैसे स्पीकर नीट मांडण्यावर आणि खोलीतल्या पडदे-गालिच्यावर घालवा, फरक कितीतरी जास्त ऐकू येईल.

प्रश्न : वापरलेला पॉवर अ‍ॅम्प घेतला, आवाज मस्त आहे पण जोडल्यापासून स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा हम येतो. विकणारे म्हणतात प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, जाईल. काढू का?

उत्तर : नका काढू. हम कदाचित जाईलही, पण आत कधी वायर सुटून बॉडीला लागली तर अख्खी धातूची पेटी लाइव्ह होईल आणि पहिला हात लावणारा तुमच्या घरातलाच असेल. याबाबतीत कोणाचंही ऐकू नका.

हम कुठून येतोय ते आधी शोधा. सगळं बंद करून इनपुटच्या केबल काढा, तिथे शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं जोडून टाकणारा प्लग) लावा, परत चालू करा. हम गेला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे, तुमच्याकडे ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून करंट फिरतोय. मग एकेक उपकरण जोडत जा आणि कुठलं जोडल्यावर परत येतो ते पकडा, बऱ्याचदा टीव्हीची केबल किंवा कॉम्प्युटर निघतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून चालवून बघा, तरी राहिला तर त्या एका उपकरणाच्या ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प दोन्हींना एक्सएलआर (तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी) असेल तर ती केबल वापरा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

शॉर्टिंग प्लग लावूनही हम राहिला आणि तो जरा करकरीत, वरच्या सुराचा म्हणजे १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टर कपॅसिटर थकलेत, टेक्निशियनकडे न्या. आणि स्पीकर काढल्यावरही पेटीतूनच घूं ऐकू येत असेल तर ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय, टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरला मेन्समधला थोडासा डीसीसुद्धा सहन होत नाही, त्यासाठी डीसी ब्लॉकर मिळतो.

प्रश्न : परदेशातून येणारा एक अ‍ॅम्प मिळतोय पण तो १२० व्होल्टचा आहे, आमच्याकडे २३० आहे. मागे सिलेक्टर स्विच नाही. सोडून देऊ?

उत्तर : लगेच नको. बऱ्याच कंपन्या एकच ट्रान्सफॉर्मर सगळीकडे वापरायच्या, त्यात दोन प्रायमरी (मेन्सच्या बाजूच्या) वाइंडिंग असतात, १२० साठी पॅरलल आणि २३०-२४० साठी सिरीज. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे दिलेलं असतं, जाणकाराकडून वायरिंग आणि फ्यूज दोन्ही बदलून घ्या, फ्यूज विसरू नका कारण २३० ला करंट साधारण निम्मा होतो. एकच वाइंडिंग असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि मोठ्या अ‍ॅम्पसाठी तोही मोठा आणि जड लागेल. शिवाय ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला असेल तर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, लेबलवर ५०/६० लिहिलंय का ते फोटोत मागून बघा. त्या फोटोआधी पैसे पाठवू नका. पॅकिंगचंही विचारा, मूळ खोका आणि आतला फोम नसेल तर एवढा जड ट्रान्सफॉर्मर वाटेत धक्क्याने चॅसीवरून उखडू शकतो.

प्रश्न : माझ्याकडच्याच मॉडेलचा दुसरा स्टिरिओ अ‍ॅम्प मिळतोय. दोन्ही ब्रिज करून (दोन चॅनल जोडून एकच करून) मोनो, म्हणजे एका स्पीकरला एक अ‍ॅम्प असे चालवले तर? स्पीकर ४ ओहमचे आहेत.

उत्तर : ४ ओहमला नको. ब्रिज केल्यावर अ‍ॅम्पच्या प्रत्येक चॅनलला लोड निम्मा दिसतो, म्हणजे तुमचे ४ ओहम त्याला २ ओहम वाटतील, बहुतेक अ‍ॅम्प तिथे तापून प्रोटेक्शनमध्ये जातात किंवा जळतात. ८ ओहमचे स्पीकर असते आणि मॅन्युअलमध्ये ब्रिजची परवानगी असती तर गोष्ट वेगळी. दुसरा अ‍ॅम्प मात्र जमत असेल तर घेऊन ठेवा, बंद पडलेला असला तरी चालेल, कारण ते मॉडेल आता बनत नसेल तर त्यातला ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि मूळ ट्रान्झिस्टर तुमच्या पहिल्या अ‍ॅम्पला पुढे कधीतरी लागतीलच.