अमेरिकेत भाड्याने आरव्ही (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन दोन मुलांसह यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जायचे आहे. क्लास ए, बी आणि सी यांत फरक काय, आणि आम्ही कोणती घ्यावी?

चौघांच्या कुटुंबाने पहिल्या प्रवासासाठी क्लास सी घ्यावी. ही अक्षरे आकाराच्या क्रमाने लावलेली नाहीत आणि नवख्या माणसाचा घोळ नेमका इथेच होतो: क्लास ए ही बससारख्या सांगाड्यावर बांधलेली सर्वांत मोठी गाडी, क्लास बी म्हणजे उंच छताच्या व्हॅनमध्येच बसवलेले, दोघांपुरते घर, आणि क्लास सी या दोहोंच्या मधली, जिच्यात व्हॅनची पुढची केबिन तशीच ठेवून मागे खोली जोडलेली असते. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागात बहुधा पलंग असतो, त्यामुळे जेवणाचे टेबल रोज रात्री मोडून त्याचा बिछाना करावा लागत नाही. ट्रेलर आणि फिफ्थ व्हील ही दुसऱ्या गाडीने ओढून न्यायची चाकांवरची घरे; त्यांना स्वतःचे इंजिन नसते. फिफ्थ व्हील तर पिकअपच्या हौद्यातल्या जोडणीलाच लागते, म्हणून ती तुमच्या उपयोगाची नाही. मात्र आरक्षणापूर्वी गाडीची लांबी मुक्कामाच्या जागेच्या मर्यादेशी ताडून पाहावी; यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी यांची जोडणी फक्त फिशिंग ब्रिज या मुक्कामाच्या तळावर मिळते, आणि तिथे अस्वलांमुळे कापडी भिंतींच्या गाड्यांना मुक्काम करता येत नाही.