पचमढी: सतरा पॉइंटची यादी फाडा, चौरागडला अख्खी सकाळ द्या

तुमचा प्रश्न परत एकदा मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पुण्याहून निघणार, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मध्य प्रदेशातल्या पचमढीत तीन दिवस, सोबत पासष्टीचे आईबाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा, एजंटने पाठवलेल्या यादीत दोन दिवसांत सतरा पॉइंट, आणि वर तुमची शंका की सह्याद्री एवढा पालथा घातल्यावर तिथे नवीन काय दिसणार.

यादी फाडून टाका आधी. मी पहिल्यांदा मित्रांबरोबर गेलो तेव्हा अशीच यादी घेऊन गेलो होतो, जिप्सीवाला प्रत्येक ठिकाणी "बस दस मिनट साब" म्हणायचा, संध्याकाळी रूमवर येऊन मोबाईलमधले फोटो बघताना कुठला फोटो कुठल्या पॉइंटचा यावरून आमच्यात भांडण. रेलिंग, रेलिंगच्या मागे दरी, दरीच्या मागे धुकं. सगळे सारखेच.

मी अमरावतीकडचा. आमच्याकडे जुनी माणसं पचमढी म्हणतच नाहीत, "महादेवाले गेलतो" म्हणतात, आणि महादेव म्हणजे पचमढीचाच हे सांगावं लागत नाही. माझी आजी तरुणपणी पायी गेली होती, गावातून पोहा निघायचा, म्हणजे यात्रेकरूंचा जत्था हो, खायचे पोहे नाहीत. मी स्वतः आतापर्यंत आठ-नऊ वेळा तरी गेलोय, कधी यात्रेत, कधी नुसता भटकायला.

आता नवीन काय ते. सह्याद्रीत आपण खालच्या गावातून वर चढतो, शिखर डोक्यावर असतं. इथे उलटं आहे. पचमढी गावच हजार मीटरच्या वर वसलंय आणि धूपगड, जो सातपुड्यातला आणि अख्ख्या मध्य प्रदेशातला सगळ्यात उंच, तो १३५२ मीटर, म्हणजे गावापासून तीनेकशे मीटरच वर. कळसूबाईच्या १६४६ पुढे आकडा किरकोळ वाटेल आणि आकड्यासाठी गेलात तर पस्तावाल. इथे बघायची ती खोली. दगड आपला काळा बेसॉल्ट नाही, वालुकाश्म आहे, दख्खनच्या लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, आणि पाण्याने तो सुरीने कापल्यासारखा उभा चिरत नेलाय, त्या चिरांना तिकडे खोह म्हणतात. हंडी खोहच्या काठावर उभं राहिलं की समोरची भिंत तांबूस-करडी, मधमाश्यांची पोळी लटकलेली, आणि तळ दिसतच नाही, नुसता झाडांचा अंधार. आणखी एक, सह्याद्रीच्या कातळावर बुटाला जी पकड मिळते तिच्या भरवशावर इथे राहू नका, या दगडाची वरून रेती सुटते आणि कोरड्या उतारावरही पाय बारीक छर्र्यांवरून घसरावा तसा घसरतो. मी एकदा सगळ्यांसमोर बसलोय असा, पँट गेली.

धूपगडला स्वतःची गाडी नेता येत नाही, बायसन लॉजपाशी परमिट काढून जिप्सी घ्यावी लागते (हे लॉज कॅप्टन फोर्सिथने १८६२ मध्ये बांधलं, त्याच्यामुळे ही जागा ब्रिटिशांच्या नजरेत आली, नंतर मध्य प्रांताचं सरकार उन्हाळा आला की नागपुरातून उठून इथे यायचं, आमच्या नागपूरचा उन्हाळा बघितला असेल तर साहेबांना दोष देणार नाही). जिप्सीवाल्याशी आधीच बोलून घ्या की आम्ही सूर्य बुडाल्यावर लगेच निघणार नाही. डिसेंबरात साडेपाचच्या आसपास सूर्य जातो, तुम्ही चारलाच वर पोचा. सगळी गर्दी सनसेटच्या पायऱ्यांवर बसलेली असते, तुम्ही आधी पलीकडे, सनराइजच्या बाजूला जा, तिथे त्या वेळी कुत्रंसुद्धा नसतं आणि डोंगराची स्वतःची सावली खालच्या जंगलावर हळूहळू पसरत जाताना दिसते. मग सनसेट. सूर्य गेला की टाळ्या पडतात (का ते मला आजवर कळलं नाही) आणि लोक जिप्सीकडे धावतात. तेव्हाच बसून राहायचं. पुढची दहा मिनिटं एकामागे एक डोंगररांगा निळ्या, मग जांभळ्या, मग राखाडी होत जातात. त्या दहा मिनिटांसाठी धूपगड. स्वेटर नाही, जॅकेट न्या, रात्री पारा पाचच्या खालीही जातो तिकडे आणि उघड्या जिप्सीत परत येताना आईबाबांच्या कानाला मफलर हवाच.

चौरागड, म्हणजे माथ्यावर महादेवाचं मंदिर असलेला डोंगर, त्याला मात्र एक पूर्ण सकाळ. गावापासून साधारण दहा किलोमीटरवर बडा महादेव, ती मोठी गुहा, आत छतातून पाणी ठिबकत असतं. तिथून चालायची वाट सुरू होते, साधारण साडेतीन-चार किलोमीटर, आधी जंगलातून चढउतार आणि शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या. सातला चालायला लागा, नऊ-साडेनऊपर्यंत वर. मी एकदा अकराला सुरू करण्याचा शहाणपणा केला होता, अर्ध्यात पाणी संपलं, आणि लिंबू सरबतवाल्याकडे पैसे द्यायला पिशवी खाली ठेवली तर माकडाने उचलली. बिस्किटं गेली त्याचं काही नाही, गाडीची किल्लीही त्यातच होती, ती त्याने दोनदा चावून बघितली आणि टाकून दिली. तर पिशवी हातात धरू नका, पाठीवर, चेन बंद.

वर मंदिराभोवती त्रिशूळच त्रिशूळ. वीतभर छोटे, माणसापेक्षा उंच, काही तर चार माणसांनी मिळून आणलेले, नवस फेडायला. गंजलेल्यांचे ढीग रचलेत, भिंतीला टेकवलेत, वारा सुटला की एकमेकांवर किणकिणतात. हे त्रिशूळ खांद्यावर घेऊन महाशिवरात्रीला येणाऱ्यांत विदर्भातली माणसं ढिगाने असतात, "हर बोला हर हर महादेव" म्हणत, अनवाणी, सत्तरीच्या म्हाताऱ्या तुम्हाला मागे टाकून जातील. मागे एकदा एका आजीने मला धापा टाकताना बघून विचारलं, "शहरात रायतं का रे बाबू?" मी मान खाली घालून हो म्हटलं.

आईबाबांचे गुडघे ठीक असतील तर त्यांनीही सावकाश यायला हरकत नाही, नसतील तर त्यांना बडा महादेवापाशी सावलीत बसवा, जवळच गुप्त महादेव आहे तो त्यांनी करावा. तीही गंमतच आहे, खडकातली फट इतकी अरुंद की अंग तिरकं करून सरकत जावं लागतं, एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. पोट सुटलेल्यांनी आधी श्वास सोडावा आणि मग आत जावं, मी अनुभवाने सांगतोय. बंद जागेची भीती असेल तर बाहेरूनच हात जोडा.

प्रियदर्शिनी पॉइंट, ज्याचं जुनं नाव फोर्सिथ पॉइंट, तो पहिल्या दिवशी नका करू, शेवटच्या दिवशी करा. तिथून चौरागड आणि धूपगड दोन्ही दिसतात, आधी दोन्हीकडे जाऊन आलेलं असलं की मुलगा स्वतःच बोट दाखवून सांगेल, आपण तिथे होतो. आधी बघितलं तर त्याच्यासाठी ते नुसते दोन डोंगर. हंडी खोह त्याच रस्त्यावर आहे, अर्धा तास पुरे.

बी फॉलला खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आणि तेवढंच चढून यायचं, आईबाबांना चौरागडच्या दुसऱ्याच दिवशी तिथे उतरवू नका. पाणी थंडगार असतं, मुलाला आवडेल. पांडव गुफा, जटाशंकर वेळ उरला तर. डचेस फॉल विसरा या वेळेला.

येण्याचं म्हणाल तर मुंबईहून इटारसी-जबलपूर मार्गे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पिपरियाला थांबतात, तिथून पन्नासेक किलोमीटर घाट. पण तीनाचे साडेतीन-चार दिवस होत असतील तर नागपूरपर्यंत या आणि गाडी करून छिंदवाडा-तामिया-मटकुलीवरून जा. तामियाजवळ पाताळकोट आहे, वरून बघितलं तर जमिनीला खोल वाडगा पडल्यासारखं, आणि त्या वाडग्याच्या तळाशी भारिया आदिवासींची गावं, शेतं, चुलीचा धूर. पचमढीचा एखादा पॉइंट कमी केलात तरी चालेल पण हे चुकवू नका. छिंदवाड्यानंतर अंधारात गाडी नका चालवू फक्त, वळणं वाईट आहेत.

खाली प्रतिसादांत कोणीतरी नागद्वारीचं, म्हणजे पचमढीच्या जंगलातल्या नागदेवाच्या गुहेच्या यात्रेचं, विचारलंय. ती वाट व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधून जाते, वर्षातून नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस उघडतात, भर पावसात, चिखलात, लोखंडी शिड्यांवरून. डिसेंबरात "मी नेतो" म्हणणारा भेटला तर त्याच्या नादी लागू नका. तुम्हाला खरंच जायचं असेल तर पुढच्या श्रावणात सांगा, आमच्या गावातून दरवर्षी दोन गाड्या निघतात, एखादी सीट मिळते.