मुलीचा व्हिडिओ आणि वडिलांची घाई

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत ७४ टक्के मिळवून उत्तीर्ण झाली. आंब्यावरील तुडतुडे या किडीविषयीच्या एका कृषिशास्त्रज्ञांच्या व्याख्यानावरून तिने चार मिनिटांचा ॲनिमेशन व्हिडिओ केला आणि तो बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खूप फिरला. मी शहरातील एका खासगी ॲनिमेशन संस्थेत तिच्या नावे अनामत भरली आहे. उरलेल्या फीसाठी बाग कराराने देईन. तिला मात्र कृषी पदवीसाठी दापोलीलाच जायचे आहे. दर आठवड्याला एक व्हिडिओ कर, असे सांगितल्यापासून तिने व्हिडिओ करणेही बंद केले. तिची समजूत कशी घालावी? – एक पालक

उत्तर : समजूत तिची नव्हे, आपली घालावी लागेल, असे पत्र वाचून वाटले. मुलीने हौसेने एक काम केले, ते चार लोकांनी वाखाणले आणि आपण तिला न विचारता अनामत भरून मोकळे झालात. मुलांच्या आवडीला विरोध करणारे पालक आम्हाला रोज भेटतात. आपण तिच्या आवडीचाच ताबा घेतलात, आणि तिने हात आखडता घेतला याचे मला जराही नवल वाटत नाही. पत्रात बागेचा करार आहे, फी आहे, बागायतदारांचे कौतुकही आहे, पण दापोलीलाच का, याचे तिच्या तोंडचे एकही कारण नाही.

आपला मुख्य गैरसमज असा दिसतो की, अशा व्हिडिओंचे मर्म चित्रे हलवण्यात आहे. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने २०१० च्या सुमारास पांढऱ्या फळ्यावर भराभर उमटणाऱ्या चित्रांतून व्याख्याने मांडली आणि हा प्रकार जगभर रुजला. पण तिथेही मोठ्या व्याख्यानातून दहा-अकरा मिनिटांचे नेमके काय ठेवायचे, हे आधी कोणाला तरी समजावे लागत होते. आपण पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात, त्यांच्या अंगातून पडणारा गोड चिकटा पानांवर साचतो आणि त्या साखरेवर काळी बुरशी वाढते, हा क्रम तिने एकाच पानावर थेंब, चकाकी आणि मग काजळी असा दाखवला आहे. रेषा कच्च्या आहेत, परंतु काजळीचे मूळ किडीत आहे हे बघणाऱ्याच्या चटकन ध्यानात येते. ही समज सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या वर्गात मिळत नाही. ती विषयाच्या अभ्यासातून येते, आणि तोच अभ्यास ती मागते आहे.

दापोलीच्या कृषी पदवीसाठी राज्याची सीईटी आहे. डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड आणि एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) यांच्या प्रवेश परीक्षा आहेत. कृषी पदवी घेतल्यावरही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीची ‘सीड’ ही प्रवेश परीक्षा देता येते, त्यामुळे आज दापोलीला गेल्याने ती वाट बंद होत नाही. तोवर ब्लेंडर आणि क्रिता ही मोफत सॉफ्टवेअर तिला पुरेशी आहेत.

एक गोष्ट तिला अवश्य सांगा. शास्त्रज्ञांचा ध्वनिमुद्रित आवाज वापरला असेल, तर त्यांची लेखी परवानगी हवी; आपला कॉपीराइट कायदा सादरकर्त्यांना त्यांच्या सादरीकरणावर हक्क देतो आणि त्यांत व्याख्यान देणाऱ्यांनाही धरतो. परवानगी मागण्याच्या निमित्ताने तिचा त्या शास्त्रज्ञांशी परिचय झाला, तर तो आपल्या अनामतीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

बाग कराराने देऊ नका. संस्थेकडे अनामत परत मागा. ती बुडाली तरी पुढचा हप्ता भरू नका. आठवड्याच्या व्हिडिओचा आग्रह आजच सोडा, आणि पुढचा व्हिडिओ कधी करणार, हे तिला विचारूही नका.