डिसेंबरमध्ये म्युनिकहून भाड्याच्या गाडीने साल्झबर्ग आणि पुढे स्वित्झर्लंड: हिवाळी टायर सक्तीचे आहेत का?

हो, हिवाळी टायर असलेलीच गाडी घ्या.

जर्मनीत ठरावीक तारखा नाहीत. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला दव असेल तर हिवाळी टायर हवेतच, नाहीतर 60 युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यात एक दंडाचा पॉइंट. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं 'एम+एस' (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे चालत नाहीत. गाडी ताब्यात घेताना खाली वाकून चारही चाकं स्वतः बघा, काउंटरवरच्या शब्दावर जाऊ नका.

ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्ता बर्फाळ असेल तर सक्ती, आणि टायरच्या खाचा किमान 4 मिमी खोल लागतात. 2 युरोचं नाणं खाचेत उभं घाला. बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली तर ठीक.

स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही. पण उन्हाळी टायरवर अपघात झाला तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, म्हणून तिथेही सूट समजू नका. डोंगरात बर्फाच्या साखळ्यांची (बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर बसवतात त्या) निळी गोल पाटी दिसली की साखळ्या लावाव्याच लागतात.

बर्फ नसला तरी साधारण 7 अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. बरोबर मुलं असतील तर यात काटकसर अजिबात करू नका. बुकिंगमध्येच हिवाळी टायर लेखी मागून घ्या.