सिक्वेन्स डायग्राममधल्या रिक्वायरमेंट कोड लिहिण्याआधी तपासता येतात का?

परसोडीच्या आयटी पार्कमध्ये तुमची टीम रेल्वे फाटकाच्या कंट्रोलरचा प्रोटोटाइप करतेय, रिक्वायरमेंट सिक्वेन्स डायग्राममध्ये (कोण कोणाला कोणत्या क्रमाने निरोप पाठवतो ते दाखवणारं चित्र) आहेत आणि कोडला हात लावण्याआधी त्यांतल्या चुका पकडायच्या आहेत, असा तुमचा प्रश्न आहे. हे नक्की जमतं, आणि त्यासाठी लागणारं स्पिन हे टूल मोफत आहे. ते मॉडेलमधले शक्य असलेले सगळे मार्ग चालवून अट कुठे मोडते का ते शोधतं.

आधी प्रत्येक डायग्रामवर एक गोष्ट लिहा: हे ‘असं होऊ शकतं’ आहे की ‘दर वेळी असंच झालं पाहिजे’? साध्या डायग्राममध्ये हा फरक दिसत नाही. डाम आणि हारेल या संशोधकांनी लाइव्ह सिक्वेन्स चार्ट (हा फरक दाखवणारा डायग्रामचा प्रकार) मांडले ते मुख्यतः याचसाठी. हे न ठरवता पुढे गेलात तर सिद्ध काय करायचं हेच कळणार नाही.

मग चित्र नीट वाचा. समजा फाटक उघडण्याच्या डायग्राममध्ये कंट्रोलर गाडीसाठीच्या सिग्नलला ‘लाल’ पाठवतो आणि त्याच्या खालच्या बाणाने मोटरला ‘वर’ पाठवतो. पाहणाऱ्याला वाटतं, आधी लाल, मग फाटक वर. पण सिग्नल आणि मोटर या वेगळ्या लाइफलाइन (डायग्राममधल्या प्रत्येक घटकाची उभी रेघ) आहेत. कंट्रोलरने कोणत्या क्रमाने पाठवलं एवढंच चित्र सांगतं, कोणाला आधी मिळालं ते सांगत नाही. ‘लाल’ वाटेत असतानाच फाटक वर जाऊ शकतं. त्यामुळे सिग्नलकडून ‘लाल झाला’ हे उत्तर आल्यावरच ‘वर’ पाठवायचं, आणि तो बाण डायग्राममध्ये काढायचा.

आता प्रत्येक लाइफलाइनची प्रोमेलामध्ये (स्पिनची मॉडेल लिहायची भाषा) एक प्रोसेस करा. प्रत्येक पाठवणाऱ्याला स्वतंत्र चॅनेल (निरोपांची रांग) द्या, लांबी २ किंवा ३ निरोपांची पुरे. कंट्रोलरला सगळ्यांची मिळून एकच रांग दिली तर निरोप पाठवले त्याच क्रमाने वाचले जातात, आणि नेमक्या उलटसुलट पोचण्यातल्या चुका लपतात. मुख्य अट अशी: सिग्नल हिरवा असेल तेव्हा फाटक लॉक असलंच पाहिजे. ही अट कंट्रोलरला काय वाटतं यावर तपासू नका. सिग्नलची आणि फाटकाची खरी स्थिती दोन ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि ती फक्त त्या त्या प्रोसेसने बदलावी.

‘बंद कर’ आणि ‘उघड’ या दोन डायग्राम वेगवेगळ्या पाहिल्या तर निर्दोष वाटतात, पण एकत्र चालवल्या की स्पिन असा मार्ग दाखवू शकतं: ऑपरेटरच्या पॅनेलकडून ‘बंद कर’, फाटक लॉक, ‘लॉक झालं’ हा निरोप अजून वाटेत. तेवढ्यात पॅनेलकडून ‘उघड’. सिग्नल लाल होतो, फाटक वर जातं. मग तो जुना ‘लॉक झालं’ पोचतो आणि कंट्रोलर हिरवा देतो. फाटक उघडं, सिग्नल हिरवा! ही गोष्ट कोणत्याच डायग्राममध्ये कोणी काढलेली नसते, ती दोन डायग्राम जोडल्यामुळे जन्माला येते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल इथेच आहे. उपाय: प्रत्येक आदेशाला क्रमांक द्यायचा, उत्तरात तोच परत मागायचा, जुना आला तर सोडून द्यायचा.

‘एरर ०’ दिसलं की लगेच खूश होऊ नका. ‘सिग्नल कधीच हिरवा होत नाही’ ही खोटी अट मुद्दाम तपासा. ती फसलीच पाहिजे. पास झाली तर तुमचं मॉडेल आधीच कुठेतरी अडकलंय आणि मुख्य अट फुकटात खरी ठरलीय. डेडलॉकची (सगळ्या प्रोसेस एकमेकींची वाट बघत अडकण्याची) तपासणी वेगळी चालवा, कारण टेम्पोरल अट (‘नेहमी’, ‘कधीतरी’ अशा क्रमाबद्दलची अट) लावली की स्पिन ती बंद ठेवतं. शोधाची खोली मुळात १०,००० पायऱ्या असते. ती अपुरी पडल्याचा इशारा आला तर निकाल अर्धवट समजा, मर्यादा वाढवा आणि पुन्हा चालवा.

लूप असलेल्या डायग्राम जोडताना चॅनेलला मर्यादा हवीच. अमर्याद रांगांसाठी अशा जोडलेल्या डायग्राम अट पाळतात का, हा प्रश्न सर्वसाधारणपणे अनिर्णेय आहे (नेहमी उत्तर देईल अशी रीतच असू शकत नाही), हे अलूर आणि यानाकाकिस या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. ‘१० सेकंदांत लॉक झालं पाहिजे’ अशा अटी मात्र स्पिनमध्ये कोंबू नका, त्याला घड्याळ नाही. तेवढ्या भागासाठी उप्पाल या वेळेच्या अटी तपासणाऱ्या टूलमध्ये वेगळं छोटं मॉडेल करा.