आम्ही ब्रिटनमध्ये फ्लॅटमध्ये राहतो, घरात चार वर्षांची मुलगी आहे. शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड कुत्रा दत्तक घ्यावा का?

खुशाल घ्या. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावणारा हा गडी घरात मात्र दिवसभर सोफ्यावर तंगड्या पसरून घोरत असतो. रोज दोन फेऱ्या पुरतात, भुंकणंही कमी. गावाकडे कारवानी कुत्रा पाहिला असेल, तर बांधा ओळखीचा वाटेल.

खरी काळजी दोरीची. ससा किंवा मांजर दिसलं की तो सुटतो, मग हाका मारून उपयोग नाही. कुंपण नसेल तिथे मोकळा सोडूच नका. मान डोक्याइतकीच जाड असल्याने साधा पट्टा निसटतो. ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या.

मुलीला एवढंच शिकवा: झोपलेल्याला हात लावायचा नाही, लांबून हाक मारायची. काही ग्रेहाउंड झोपेतून दचकून गुरगुरतात. पूर्वी घर न पाहिलेल्याला जिनाही नवा असतो, पायरी-पायरीने शिकवावा लागतो.

अंगावर फारशी चरबी नसते, थंडीत कोट हवाच. भूल द्यायची वेळ आली तर ग्रेहाउंडची सवय असलेला डॉक्टर गाठा. काही औषधांचा अंमल त्यांच्यावर फार वेळ राहतो.