पाठ सगळं आहे, तरी बारावीच्या इतिहासात मार्क का पडत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की मुलं धडे घडाघडा म्हणून दाखवतात, तरी चाचणीत ८० पैकी ४०-४५ च्या पुढे सरकत नाहीत आणि बोर्डाच्या पेपरला चारच महिने राहिलेत. मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला सतरा वर्षं इतिहास शिकवते. माझ्या पाहण्यात मार्क जातात ते मुख्यतः एकाच जागी. मुलं प्रश्नातलं ओळखीचं नाव बघतात आणि त्या नावाबद्दल जे जे आठवेल ते लिहीत सुटतात. 'टीप लिहा', 'सकारण स्पष्ट करा', 'तुमचे मत नोंदवा', तिन्हीला उत्तर तेच.

दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर आपल्या गावचंच एक विधान लिहिते : '१९३० साली इंग्रज सरकारने सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. सकारण स्पष्ट करा.' चार हुतात्मा चौकातून रोज ये-जा करणारी मुलं आहेत, माहिती सगळ्यांना असते. वहीत येतं ते साधारण असं : "१२ मे १९३० रोजी मार्शल लॉ लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. सोलापूरकरांनी मोठा त्याग केला."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण कारण कुठे आहे? फाशी तर मार्शल लॉ लागल्यावर आठ महिन्यांनी झाली, ती त्याचं कारण कशी होईल? (दोन्ही तारखा १२ असल्याने त्यांची अदलाबदलही हमखास होते.)

मग आम्ही शेवटाकडून मागे जातो. मार्शल लॉ का लावला? शहराचा कारभार सरकारच्या हातातून निसटला होता म्हणून. का निसटला? ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, लोक खवळले, जाळपोळ झाली. जमाव का जमला होता? ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि शहर पेटलं. पण इतकी माणसं एकदम रस्त्यावर आली कुठून? इथे मागच्या बाकावरूनही उत्तर येतं, "मॅडम, गिरण्या!" एका भोंग्यावर हजारो कामगार बाहेर पडणारं हे गाव होतं. चार 'का', चार ओळी, उत्तर तयार. हुतात्म्यांचा उल्लेख करायचाच तर परिणाम म्हणून शेवटी एका वाक्यात. हीच रीत मग पुस्तकातल्या प्रत्येक 'सकारण स्पष्ट करा'ला लावायची.

'मत नोंदवा' हा प्रकार मुलांना सोपा वाटतो आणि तिथेच ती मार खातात. 'हैदराबाद संस्थानाविरुद्ध पोलीस कारवाई करणे अपरिहार्य होते' यावर एका मुलीने लिहिलं होतं, "होय, मला हे बरोबर वाटते." पुढे दोन ओळी आणि संपलं. मी तिला जवळ बसवून विचारलं, नळदुर्ग तुला माहीत आहे का? तिची आजी तिकडचीच निघाली. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजेची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली आणि आधी नळदुर्गला पोहोचली, १७ तारखेला निजाम शरण आला, हे ऐकून ती घरी जाऊन आजीला विचारून आली. रझाकारांच्या भीतीने रात्रीत घर सोडून सोलापूरकडे आल्याचं आजीने सांगितलं होतं. फार मोलाचं होतं ते. पण पेपरात त्याला एकच वाक्य द्यायचं, हे तिला समजावावं लागलं. बाकी उत्तरात नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, रझाकारांचे अत्याचार, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा हे पुरावे यायला हवेत. मत कोणतंही असो, त्याच्या मागे 'कारण' म्हणून पुस्तकातले तीन आधार उभे राहिले पाहिजेत.

एक अडचण तुमच्याकडे असेल-नसेल, पण आमच्याकडे मोठी आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. 'निर्वसाहतीकरण' हा शब्द ती पाठ करतात, उघडून बघत नाहीत. आधी 'वसाहत' घ्यायची, मग ती मोडण्याची क्रिया. तुझ्या घरच्या भाषेत सांग म्हटलं की मुलगा नीट सांगतो, मग त्याच्याकडून साध्या, छोट्या मराठी वाक्यात लिहून घ्यायचं. पूर्व भागातल्या ज्या मुलांच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यांना औद्योगिक क्रांती वेगळी शिकवावीच लागत नाही. माग वेगाने चालला तर सूत जास्त लागतं आणि माल खपवायला बाजार मोठा लागतो, हे त्यांनी घरात पाहिलेलं असतं. तिथून वसाहती कशासाठी हव्या होत्या, इथपर्यंत दहा मिनिटांत पोहोचता येतं.

सरावाचं म्हणाल तर रोज लिहून घेणं झेपत नाही, आठवड्याला एकदा पुरे, पण घड्याळ लावून. तीन तासांत ८० गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, चार गुणांच्या उत्तराला नऊ. लिहून झालं की वह्या अदलाबदल करायच्या आणि ज्या वाक्याने प्रश्नाचं उत्तर दिलं तेवढ्याचखाली पेन्सिलने रेघ मारायची. साठ वह्या तपासताना मीही आधी फक्त त्या रेघा बघते. ज्या वहीत एकच रेघ, त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावते.

नकाशाला रोज पाच मिनिटं. फ्रेंच वसाहतींपैकी माहे हमखास तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जाऊन बसतं आणि यानमचा तर कुणाला पत्ताच नसतो. सुरुवातीची काही वर्षं मीही नोट्स उतरवून द्यायचे, आता देत नाही. गाइडही पूर्वपरीक्षेपर्यंत वर्गात आणू देत नाही. तयार उत्तर समोर असलं की 'का' विचारायची मुलांना गरजच वाटत नाही.

येत्या शनिवारीच सुरू करा. पूर्ण पेपर नको, एकच विधान द्या, तुमच्या गावचं असेल तर उत्तम. नऊ मिनिटं द्या आणि पहिल्या वेळेला मार्क देऊ नका, फक्त रेघा मारून घ्या.